नवशिक्या नेमबाजाची बंदूक



इ. स. २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस पॅरिसच्या ऑलिंपिक स्पर्धेंत स्वप्निल कुसाळे या तरुणानें पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. या प्रकारांत भारतास मिळालेलें तें पहिलेंच ऑलिंपिक पदक होय. स्वप्निल हा कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडी या लहानशा गांवचा. आपल्याच मुलखांतला, आपल्यासारख्याच शेतकरी वस्तींत वाढलेला मुलगा जगाच्या मैदानावर उभा राहिला हें पाहून आमच्या शाळेंतील मुलामुलींच्या मनांतही नेमबाजीची ओढ उत्पन्न झाली आहे, आणि हें साहजिकच आहे.

परंतु या ओढीबरोबर एक प्रश्न वारंवार पुढें येतो. "माझी चण लहान आहे, मला कोणती बंदूक झेपेल?" असें मुलें विचारतात, आणि विशेषतः मुली विचारतात. वडील मंडळी याचें उत्तर फारसा विचार न करतां देऊन टाकतात: लहान मूल, हलकी बंदूक. हें उत्तर निम्में खरें आणि निम्में खोटें आहे. त्यांतील खरें कोणतें व खोटें कोणतें हें पदार्थविज्ञानाच्या व शरीररचनेच्या साहाय्यानें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रश्न केवळ हौसेचा आहे असें कोणीं समजूं नये. बेमाप बंदूक हातीं आलेलें मूल पहिल्या दिवशींच बिचकतें, आणि दोष बंदुकीचा असतांना "हें माझ्यानें व्हावयाचें नाहीं" अशी गांठ मनाशीं बांधून घरीं जातें. ती गांठ पुष्कळदां जन्मभर सुटत नाहीं. दुसरें असें कीं, जी बंदूक हातांत नीट बसत नाहीं तिचें तोंडही ताब्यांत राहत नाहीं, आणि त्यांत शेजाऱ्याच्या जिवास धोका असतो.

१. जोड कशी लागते

कुंडलच्या कुस्त्यांचें मैदान पाहिलें नाहीं असा मुलगा आपल्या शाळेंत विरळा. त्या मैदानांत जोड लावणारे जाणते लोक काय पाहतात? नुसतें वजन पाहत नाहींत. उंची, हातापायांची ठेवण, अंगांत मुरलेली मेहनत, हें सर्व पाहून मगच ते दोघांचे हात एकमेकांस लावतात. बंदूक आणि नेमबाज यांचीही अशीच जोड लावावी लागते. फरक इतकाच कीं, येथें एकानें दुसऱ्यास चीत करावयाचें नसून दोघांनीं मिळून एक काम करावयाचें असतें.

जोंधळा हुरड्यास आला म्हणजे शेतांतील माळ्यावर उभें राहून गोफणीनें पांखरें हांकणारीं मुलें तुम्हीं पाहिलीं असतील. तुमच्यापैकीं कांहींनीं तें काम केलेंही असेल. बापाची लांब गोफण लहान मुलाच्या हातीं दिली तर ती फिरवितांना खालीं आपटते, आणि दगड भलत्याच दिशेस जातो. म्हणून शहाणा बाप मुलाच्या हाताच्या मापानें आंखूड गोफण वळून देतो. पवित्र शास्त्रांतील दाविदाची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. शौल राजानें आपलें चिलखत व तरवार त्याच्या अंगावर चढविली, तेव्हां त्याला चालतांही येईना. त्यानें तें सर्व उतरून ठेविलें आणि हाताच्या सवयीची गोफण व ओढ्यांतील पांच गुळगुळीत गोटे घेतले. शौलाचीं आयुधें वाईट होतीं असें नव्हे. तीं त्या मुलाच्या मापाचीं व सवयीचीं नव्हतीं, एवढेंच. शस्त्र निवडण्याचें पहिलें सूत्र या गोष्टींत आलें आहे.

२. धक्क्याचें गणित

बंदूक सुटली म्हणजे गोळी पुढें जाते व बंदूक मागें येते. या मागें येण्यास आपण धक्का म्हणतों. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें गोळीस पुढें जितका संवेग मिळतो तितकाच संवेग बंदुकीस मागें मिळतो. संवेग म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार. तेव्हां गोळीचें वस्तुमान व तिचा वेग यांचा गुणाकार करावा आणि त्यास बंदुकीच्या वस्तुमानानें भागावें, म्हणजे बंदूक किती वेगानें मागें येते तें कळतें. दारूच्या वायूमुळें हा वेग आणखी वाढतो; पण मुलांनीं समजून घेण्यासाठीं गोळीपुरतें गणित पुरेसें आहे. चार उदाहरणें घेऊं. सर्व आंकडे सुमाराचे आहेत.

स्पर्धेंतील हवेच्या रायफलीचा छरा अर्ध्या ग्रॅमचा असतो व तो सेकंदास १७५ मीटर वेगानें जातो. रायफल ४.५ किलोग्रॅमची धरली तर ती सेकंदास केवळ २ सेंटिमीटर वेगानें मागें येते. हा धक्का खांद्यास जाणवतही नाहीं.

पॉइंट टू-टू रायफलीची गोळी २.६ ग्रॅमची व तिचा वेग सेकंदास ३३० मीटर. रायफल ४ किलोग्रॅमची असली तर मागें येण्याचा वेग सेकंदास २१ सेंटिमीटर. खांद्यास हा हलकासा ढोसा वाटतो.

जुन्या लष्करी थ्री-नॉट-थ्री रायफलीची गोळी ११.३ ग्रॅमची व वेग सेकंदास ७४४ मीटर. रायफल ३.९ किलोग्रॅमची. मागें येण्याचा वेग सेकंदास २१५ सेंटिमीटर, म्हणजे टू-टूच्या दसपट.

बारा बोअरच्या छऱ्यांच्या बंदुकीचें काडतूस ३२ ग्रॅम छरे सेकंदास ३७५ मीटर वेगानें फेंकतें. बंदूक ३ किलोग्रॅमची. मागें येण्याचा वेग सेकंदास ४०० सेंटिमीटर.

या चार ओळी शांतपणें वाचा. पीकसंरक्षणासाठीं परवाना घेऊन शेतकऱ्यांच्या घरीं जी बंदूक ठेवलेली असते ती बहुधा बारा बोअरची असते. ती रायफलीहून वजनानें हलकी असते, म्हणून "पोराला ही उचलेल" असें घरांतील कोणी तरी म्हणतो. उचलेल खरी, परंतु चारी बंदुकांत सर्वांत मोठा तडाखा तिचाच आहे. उचलण्यास सोपी ती उडविण्यास सोपी नव्हे, हें ज्यानें ओळखलें त्यानें या विषयाचा अर्धा भाग जिंकला.

आतां वजन कमी केल्यानें काय होतें तें पाहूं. ४ किलोग्रॅमच्या टू-टू रायफलीऐवजीं तीच गोळी उडविणारी २ किलोग्रॅमची रायफल घेतली, तर मागें येण्याचा वेग दुप्पट होतो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून वस्तुमान निम्में झालें तरी धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. टू-टूचा धक्का मुळांतच अल्प असल्यामुळें तेथें ही वाढ सोसते. पण बारा बोअरसारख्या दांडग्या काडतुसासाठीं हलकी बंदूक निवडणें म्हणजे लहान मुलाच्या खांद्यावर मुद्दाम हातोडा मारून घेणें होय.

यावरून असें ठरतें कीं, नवशिक्यानें प्रथम हलकें काडतूस निवडावें, आणि मग बंदुकीचें वजन पाहावें. हा क्रम उलटा केला कीं फसगत होते. बिचकण्याची खोड एकदां लागली म्हणजे चाप ओढण्याच्या क्षणीं डोळे मिटतात, खांदा पुढें येतो व नेम खालीं जातो. आणि ही खोड मोडण्यास, नवा धडा शिकण्यास लागतो त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

३. वजनाचा गुण व वजनाची मर्यादा

नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एक मौजेची गोष्ट आहे. दहा मीटर हवेच्या रायफलीचें वजन साडेपांच किलोग्रॅमहून अधिक असूं नये असा नियम आहे, आणि तो पुरुष व स्त्रिया या दोघांस सारखाच लागू आहे. हवेच्या पिस्तुलास दीड किलोग्रॅमची मर्यादा आहे. वजन अमुकापेक्षां कमी असूं नये असें मात्र कोठेंही म्हटलेलें नाहीं. असें कां? मनुष्य नियमानें जें अडवितो तें लाभाचें असतें म्हणूनच अडवितो. जड वस्तु आपल्या जागेवरून सहज हालत नाहीं. श्वासाची, नाडीची व वाऱ्याची बारीक थरथर ती गिळून टाकते. दहा मीटरवरील रायफलीच्या निशाणाचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. तेथें ही स्थिरताच विद्यार्थ्यास तारते.

याच्या उलट बाजूचें उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. इ. स. २०१४ मध्यें कानपूर येथील सरकारी शस्त्रकारखान्यानें "निर्भीक" नांवाचें .३२ बोअरचें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. स्त्रियांना पर्समध्यें बाळगतां यावें म्हणून टायटॅनियमचा मिश्रधातु वापरून त्याचें वजन अवघें ५०० ग्रॅम ठेवलें होतें. बाळगण्याच्या दृष्टीनें हें सोयीचें खरें. परंतु बाळगणें व नेम धरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तेंच काडतूस हलक्या शस्त्रांतून उडालें कीं मनगटास झटका अधिक बसतो, आणि आंखूड नळीमुळें नेमांतील लहानशी चूकही लांबवर मोठी होते. हलकें शस्त्र हें सरावलेल्या हाताचें शस्त्र आहे, नवशिक्याचें नव्हे. नांव व हेतु कितीही चांगले असले तरी पदार्थविज्ञान त्यांची भीड धरीत नाहीं.

मग जितकी जड तितकी चांगली असें म्हणावें काय? तसेंही नाहीं. वजनाची मर्यादा शरीर ठरवितें. वजन स्नायूंनीं पेलावें लागलें तर स्नायु थकतात व कांपूं लागतात. तेंच हाडांवर टेकलें तर मनुष्य पुष्कळ वेळ स्थिर राहूं शकतो. विहिरीवरून पाणी आणणारी बाई भरली घागर दंडाच्या बळावर धरीत नाहीं. ती घागर कमरेच्या हाडावर टेकविते व हातानें फक्त सांवरते. उभ्यानें रायफल धरणारा नेमबाजही नेमकें हेंच करतो. उजव्या हाताचा नेमबाज डाव्या हाताचें कोपर कमरेच्या हाडावर टेकवितो, हाताचें हाड खांबासारखें उभें करतो व रायफलीचा भार त्या खांबावरून कमरेंत, कमरेवरून पायांत आणि पायांतून जमिनींत जाऊं देतो. ही युक्ति साधली म्हणजे लहान चणीची मुलगी सुद्धां चार किलोग्रॅमची रायफल शांतपणें धरते, आणि युक्ति न साधलेला पैलवान घामाघूम होतो.

वजन झेपतें कीं नाहीं हें पाहण्याची एक साधी परीक्षा आहे. शिक्षकांच्या देखरेखीखालीं रिकामी बंदूक योग्य स्थितींत धरावी व एक मिनिट तशीच ठेवावी. त्या मिनिटांत पाठ मागें वाकत गेली, श्वास कोंडला, किंवा माशी निशाणावर वर्तुळें काढूं लागली, तर ती बंदूक तूर्त त्या विद्यार्थ्यास जड आहे, अथवा तिचा भार पुढच्या टोकाकडे अधिक आहे, असें समजावें. हा दुसरा दोष लोक फार विसरतात. साडेतीन किलोग्रॅमची पण तोंडाकडे जड असलेली बंदूक लहान मुलास जितकी थकविते तितकी हाताजवळ तोल असलेली साडेचार किलोग्रॅमची थकवीत नाहीं.

४. माप

वजनापेक्षांही महत्त्वाचें, आणि सर्वांत दुर्लक्षिलेलें अंग म्हणजे दस्त्याची लांबी. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंत जें अंतर असतें तें नेमबाजाच्या हातास जुळलें पाहिजे. मोजण्याची रीत सोपी आहे. हात कोपरांत काटकोनांत वाकवावा, दस्त्याचें टोक कोपराच्या आंतल्या बाजूस टेकवावें, आणि तर्जनी चापाकडे न्यावी. तर्जनीचें पहिलें पेर चापावर सहज पोहोंचलें तर माप ठीक. बोटाचें टोक कसेंबसें लागत असेल तर दस्ता लांब आहे.

दस्ता लांब असला म्हणजे काय होतें? मूल मान पुढें ताणतें, गाल दस्त्यावर टेकत नाहीं, डोळा मागील खांचेच्या रेषेंत येत नाहीं. दस्ता खांद्याच्या खोबणींत न बसतां दंडावर सरकतो व धक्का हाडावर बसतो. चाप सरळ मागें न ओढला जातां बाजूस ओढला जातो. एवढे सर्व दोष एका इंचाच्या फरकामुळें होतात, आणि पाहणारा मात्र "हाताला जोरच नाहीं" म्हणून मोकळा होतो.

या एका इंचाचें महत्त्व ब्रिटिश लष्करास पहिल्या महायुद्धांत पटलें होतें. इ. स. १९१४ मध्यें इंग्लंडांतील बर्कनहेड येथें पांच फूट तीन इंचांहून कमी उंचीच्या माणसांच्या पलटणी उभारण्यास आरंभ झाला. त्यापूर्वीं उंची भरत नाहीं म्हणून या माणसांस परत पाठविण्यांत येत असे. कोंबड्याच्या एका लहान पण झुंजार जातीवरून त्या पलटणींस "बॅंटम" असें नांव पडलें. ली-एन्फील्ड रायफलीचे दस्ते लांब, मध्यम व आंखूड अशा मापांत निघत, व प्रत्येक मापांत अर्ध्या इंचाचा फरक असे. त्यांत बॅंटम नांवाच्या, मध्यम मापाहून एक इंचानें आंखूड असलेल्या दस्त्याची भर पडली. रायफल तीच, गोळी तीच. फक्त लांकूड एक इंच कमी. माणसास नाकारण्यापेक्षां लांकूड कापणें सोपें, ही गोष्ट लष्करासही मान्य करावी लागली. शाळांनीं तर ती त्याहून लवकर मान्य करावयास हवी.

आजच्या स्पर्धेच्या रायफलींत दस्त्याची लांबी व गालाच्या टेकूची उंची कळ फिरवून कमीजास्त करतां येते. म्हणून एकच रायफल अनेक विद्यार्थ्यांनीं वापरावयाची असेल तर अशी जुळवितां येणारी रायफल घेणें शाळेस दीर्घ काळांत स्वस्त पडतें. प्रत्येकानें आपलीं मापें वहींत लिहून ठेवावींत व सरावापूर्वीं त्याप्रमाणें दस्ता लावून घ्यावा.

चापाचाही विचार केला पाहिजे. जुन्या लष्करी पद्धतीच्या रायफलीचा चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिला ओढा हलका व दुसरा जड. लहान बोटास हा दुसरा ओढा जड जातो, आणि बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते. स्पर्धेच्या हवेच्या बंदुकीचा चाप याहून पुष्कळच हलका असतो. चाप हलका असणें हा नवशिक्यास मोठा आधार आहे. मात्र त्यामुळेंच बोट चापाबाहेर ठेवण्याची शिस्त अधिक कडक पाळावी लागते.

५. डोळा कोणता

बंदूक निवडण्यापूर्वीं आपला मुख्य डोळा कोणता हें ओळखावें. दोन्ही हात पुढें करून तळहातांच्या बेचक्यांतून एक लहान खिडकी करावी व तींतून दूरची एखादी वस्तु दोन्ही डोळ्यांनीं पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्यानें वस्तु खिडकींत तशीच दिसत राहते तो मुख्य डोळा. कित्येकांचा हात उजवा व मुख्य डोळा डावा असतो. अशा मुलास उजव्या खांद्याची बंदूक दिली तर तो मान वांकडी करून डाव्या डोळ्यानें नेम धरूं पाहतो. शिकवणारे त्यास धांदरट म्हणतात. परंतु दोष त्याचा नसतो. त्यास डाव्या खांद्यावरून शिकवावें, अथवा डाव्या डोळ्यापुढें लहानशी पट्टी लावून उजव्या डोळ्याची संवय करावी. पहिल्या आठवड्यांतच हा निर्णय केलेला बरा.

६. पिस्तूल कीं रायफल

पिस्तूल एक किलोग्रॅमच्या आसपास व रायफल चार-साडेचार किलोग्रॅमची. तेव्हां लहान मुलास पिस्तूल सोपें, असें सहज वाटतें. येथें तरफेचा नियम आठवावा. पिस्तूल एका हातानें, हात लांब करून धरावयाचें असतें. खांद्यापासून साठ सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम म्हणजे खांद्याच्या स्नायूंस मोठा भार झाला, आणि त्यास टेकण्यास हाडाचा खांब मिळत नाहीं. पाण्यानें भरलेली एक लिटरची बाटली हात सरळ पुढें करून दोन मिनिटें धरून पाहा, म्हणजे हें वाक्य पुन्हां सांगावें लागणार नाहीं.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. पिस्तुलाची नळी आंखूड, त्यामुळें मनगट जरासें फिरलें कीं तोंड भलतीकडे वळतें. लांब रायफल अशी नकळत वळत नाहीं. वळली तर ती शिक्षकांस चटकन दिसते. म्हणून लहान चणीच्या नवशिक्यानें रायफलीपासून आरंभ करावा हें सामान्यतः हिताचें. ज्यास पिस्तुलाचीच ओढ आहे त्यानें आरंभीं टेकूवर हात ठेवून सराव करावा, आणि मुठीचें माप लहान असलेलें पिस्तूल निवडावें. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिनें पिस्तुलांतच इ. स. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पंचवीस मीटर प्रकाराचें सुवर्णपदक मिळविलें. तेव्हां पिस्तूल हें मुलींचें शस्त्र नव्हे असा अर्थ कोणीं काढूं नये. पायरी कोणती आधीं, एवढाच प्रश्न आहे.

७. आरंभ कशानें करावा

वरील सर्व विचारांवरून आरंभासाठीं हवेची रायफल सर्वांत योग्य ठरते. तिच्यांतही दोन जाती आहेत. एक कमानीची, म्हणजे स्प्रिंगची. ती स्वस्त, पण प्रत्येक वेळीं नळी मोडून कमान दाबावी लागते. हें काम लहान मुलाच्या बळाबाहेरचें असतें, आणि अर्धवट दाबलेली नळी उसळून बोटें चेचण्याचें भय असतें. शिवाय आंतील दट्ट्या धांवल्यामुळें छरा नळीबाहेर पडण्यापूर्वींच तिला पुढेंमागें हिसका बसतो, व नवशिक्याचा नेम बिघडतो. दुसरी जात आधींच भरलेल्या दाबाच्या हवेची. ती महाग, परंतु तिला जोर लावावा लागत नाहीं व धक्का जवळजवळ नसतो. मुलास स्वतःची स्वस्त बंदूक घेऊन देण्यापेक्षां, क्लबांतील चांगल्या बंदुकीवर आठवड्यांतून दोन वेळां सराव करवावा हें अधिक शहाणपणाचें. वाढत्या वयाच्या मुलाचें माप दर वर्षीं बदलतें. बंदूक मात्र तेवढीच राहते.

जर्मनींत, जेथें नेमबाजीचे क्लब गांवोगांवीं आहेत, तेथें बारा वर्षांखालील मुलें बहुधा प्रकाशकिरणाच्या बंदुकीवर शिकतात; तींतून कांहींच सुटत नाहीं. बारा वर्षांनंतर हवेची बंदूक व चौदानंतर टू-टू, अशी तेथील पायऱ्यांची रचना आहे. टेकूवरून, मग पडून, मग गुडघ्यावर, आणि शेवटीं उभ्यानें, असा स्थितींचा क्रमही लहान शरीरास मानवतो. स्वप्निल कुसाळे यानें पॅरिसांत याच तीन स्थितींत, म्हणजे गुडघ्यावर, पडून व उभ्यानें, नेम साधून ४५१.४ गुण मिळविले.

आपल्याकडे बहुतेक मुलांस पहिली रायफल हातीं येते ती राष्ट्रीय छात्रसेनेंत. ही संघटना इ. स. १९४८ च्या कायद्यानें स्थापन झाली व पुढील वर्षीं मुलींचा विभाग निघाला. या सेनेंत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली टू-टू रायफल लष्करी रायफलीच्याच बांध्याची होती. वजन जवळजवळ तेंच, पण गोळी लहान. धक्का नाहींसा करून वजन ठेवण्याची ही कल्पना उत्तम होती. उणीव राहिली ती मापाची, कारण दस्ताही मोठ्या माणसाच्याच मापाचा राहिला.

एका शिबिरांत मीं पाहिलेली गोष्ट सांगतों. नववींतील एक किरकोळ अंगाची मुलगी चटईवर पडून नेम धरीत होती. तिच्या पांच गोळ्या निशाणाच्या कागदावर पांच दिशांस गेल्या, आणि तिला रांगेंतून उठवून बाजूस बसविण्यांत आलें. एक वयस्क हवालदार हें पाहत होते. त्यांनीं तिला परत बोलाविलें, तिचें अंग रायफलीशीं अधिक तिरपें करविलें, डावा हात नळीखालीं मागें घ्यावयास लावला आणि त्या हाताखालीं वाळूची पिशवी ठेविली. हात मागें आल्यानें व अंग तिरपें झाल्यानें चापापर्यंतचें अंतर तिच्या पुरतें कमी झालें. दुसऱ्या पांच गोळ्या एका तळहाताखालीं झांकतील अशा पडल्या. मुलगी तीच, रायफल तीच. बदललें तें फक्त दोघींचें जुळणें.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनींही नेमबाजीचा आरंभ छात्रसेनेंतच केला, आणि इ. स. २०१० मध्यें म्यूनिक येथील जागतिक स्पर्धेंत पडून नेम धरण्याच्या पन्नास मीटर प्रकारांत ६०० पैकीं ५९७ गुणांनीं तत्कालीन विश्वविक्रमाची बरोबरी करून त्या जगज्जेत्या झाल्या. मुंबईच्या अंजली भागवत या सुद्धां छात्रसेनेंतूनच पुढें आल्या व इ. स. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्यें हवेच्या रायफलीच्या अंतिम फेरींत पोहोंचल्या. बाजूस बसविलेल्या मुलींत अशी एखादी असेल काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकानें स्वतःस विचारण्यासारखा आहे.

८. कायदा व शिस्त

इ. स. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें एकवीस वर्षें पुरीं होईपर्यंत सामान्यतः कोणासही बंदुकीचा परवाना मिळत नाहीं. लहान वयाच्या विद्यार्थ्यांस नियमांनीं ठरवून दिलेल्या वयानंतर, नियमांत सांगितलेल्या अटींवर व देखरेखीखालींच प्रशिक्षण घेतां येतें. घरची परवान्याची बंदूक मुलाच्या हातीं शिकण्यासाठीं देणें हा प्रेमाचा प्रकार नसून गुन्हा आहे. हवेची बंदूक ठराविक जोराच्या मर्यादेंत असली तर परवान्याची सूट असते; परंतु तिचा छरा डोळा फोडूं शकतो, तेव्हां तिला खेळणें मानूं नये.

चार नियम पाठ करावेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असें समजूनच हातीं घ्यावी. तिचें तोंड निशाणाखेरीज कशाकडेही वळवूं नये. नेम धरून होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावें. निशाणामागें काय आहे हें ठाऊक असल्याखेरीज गोळी उडवूं नये. मापाची बंदूक हातीं असेल तर हे नियम पाळणें सोपें जातें. बेमाप बंदूक हातीं असली तर आज्ञाधारक मुलाकडूनही ते मोडतात. म्हणून योग्य निवड ही सुरक्षिततेचीच पहिली पायरी आहे.

९. सारांश

लहान चणीच्या नवशिक्यानें प्रथम काडतूस हलकें पाहावें, मग दस्त्याचें माप, मग तोल, आणि सर्वांच्या शेवटीं वजन. वजन इतकें असावें कीं हाडांवर टेकवून एक मिनिट शांत राहतां येईल. त्याहून कमी करण्याची घाई करूं नये. हवेच्या रायफलीनें, टेकूवरून, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीं आरंभ करावा. आणि पहिल्या दिवशीं नेम चुकला तर विद्यार्थ्यास दोष देण्यापूर्वीं शिक्षकानें मोजपट्टी हातीं घ्यावी.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ३२ ग्रॅम छरे सेकंदास ३७५ मीटर वेगानें फेंकणारी बारा बोअरची बंदूक ३ किलोग्रॅमऐवजीं २.५ किलोग्रॅमची असली तर ती किती वेगानें मागें येईल? दोन्ही बंदुकांच्या धक्क्याची ऊर्जा काढून तुलना करा.

२. स्पर्धेच्या नियमांत रायफलीच्या वजनास वरची मर्यादा आहे, खालची नाहीं. याचें कारण स्वतःच्या शब्दांत लिहा.

३. आपल्या वर्गांतील दहा विद्यार्थ्यांच्या कोपराच्या आंतल्या बाजूपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचें अंतर मोजा. सर्वांत लांब व सर्वांत आंखूड मापांत किती इंचांचा फरक आला? त्या सर्वांस एकाच मापाचा दस्ता चालेल काय?

४. तुमचा मुख्य डोळा कोणता हें वर सांगितलेल्या रीतीनें ओळखा. वर्गांत कितीजणांचा हात व मुख्य डोळा निरनिराळ्या बाजूंचे आढळले?